गुणवत्ता : कारखान्याकडून रुग्णालयाने शिकावे असे काही

(संस्थेच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या गुणवत्ता समितीच्या वतीने सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय काहींना रुग्णालयाच्या व्यासपीठावर थोडा परका वाटण्याची शक्यता आहे. कारखान्यांमध्ये गुणवत्ता व्यवस्थापन आणि कामगारांची कार्यक्षमता यांविषयी गेल्या शंभर वर्षांत जो विचार झाला, त्यातून धर्मादाय रुग्णालयाने काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, हे आम्ही जाणतो. येथे येणारा माणूस हा कच्चा माल नाही आणि बरा होऊन जाणारा माणूस हे उत्पादनही नाही. तथापि रुग्णालयात दररोज शेकडो कामे ठराविक क्रमाने, अनेक हातांमधून, वेळेच्या दडपणाखाली होत असतात. केसपेपर निघतो, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधाची चिठ्ठी लिहिली जाते, सलाईन लावले जाते, शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक होतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर चूक झाली तर तिचे मोल रुग्णाला द्यावे लागते. केवळ सेवाभाव आहे म्हणून चुका टळतात, असा अनुभव जगात कोठेही नाही. सेवाभावाला शिस्तबद्ध पद्धतीची जोड द्यावी लागते, आणि ती पद्धत प्रथम कारखान्यांमध्ये घडली.

विटांपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

कामगारांच्या कार्यक्षमतेचा पद्धतशीर अभ्यास म्हटला की अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांचे नाव प्रथम घेतले जाते. १९११ मध्ये त्यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लगडी उचलणारा कामगार दिवसाला साडेबारा टन माल हलवीत असे. कामाची व विश्रांतीची नीट आखणी केल्यावर तोच साडेसत्तेचाळीस टन हलवू लागला, असे टेलर यांनी लिहिले. पुढील काळात अभ्यासकांनी या हकिकतीतील तपशिलांवर शंका घेतल्या. परंतु त्याहून गंभीर आक्षेप असा की, टेलर यांच्या पद्धतीत विचार करण्याचे काम व्यवस्थापकाकडे आणि केवळ अंमलबजावणी कामगाराकडे राहिली. कामगाराच्या हातांचा अभ्यास झाला. त्याच्या बुद्धीचा उपयोग मात्र कोणी करून घेतला नाही.

त्याच काळातील फ्रँक गिलब्रेथ यांचा मार्ग थोडा वेगळा होता. ते स्वतः वयाच्या सतराव्या वर्षी गवंडीकाम शिकू लागले होते. प्रत्येक वीट उचलण्यासाठी गवंड्याला खाली वाकावे लागते, हे त्यांनी पाहिले आणि विटा व मसाला कमरेच्या उंचीवर राहील असा वरखाली होणारा परांचा तयार केला. एक वीट रचण्यासाठी लागणाऱ्या अठरा हालचाली जेमतेम पाचवर आल्या आणि तासाला १२० विटा रचणारा गवंडी ३५० विटा रचू लागला. गवंड्याला अधिक वेगाने राबवून हे साधलेले नव्हते; त्याचे वाकणे वाचवून साधलेले होते.

या गिलब्रेथ यांनी पत्नी लिलियन यांच्या साहाय्याने पुढे शस्त्रक्रियागृहांचेही निरीक्षण केले. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांचा बराच वेळ उपकरण शोधण्यात व उचलण्यात जातो, असे त्यांना दिसले. उपकरणे ठराविक क्रमाने मांडावीत आणि डॉक्टरांनी मागताच साहाय्यकाने ते उपकरण त्यांच्या तळहातावर ठेवावे, अशी सूचना त्यांनी केली. आज कोणत्याही शस्त्रक्रियागृहात परिचारिका डॉक्टरांच्या हाती उपकरण देताना दिसते, त्यामागे विटा रचण्याच्या अभ्यासातून आलेला हा विचार आहे. शस्त्रक्रियेतील वाचलेली प्रत्येक मिनिटे म्हणजे भुलेखाली असलेल्या रुग्णाचा तेवढा कमी झालेला धोका होय.

दोष माणसाचा की व्यवस्थेचा?

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा वॉल्टर शूहार्ट या संख्याशास्त्रज्ञांचा. १९२४ मध्ये त्यांनी दूरध्वनीची उपकरणे बनविणाऱ्या उद्योगासाठी एक साधा आलेख सुचविला. कोणत्याही कामात थोडाफार चढउतार स्वाभाविकपणे होतच असतो. तो चढउतार नेहमीचा आहे की त्यामागे एखादे विशेष कारण घडले आहे, हे त्या आलेखावरून ओळखता येते. नेहमीच्या चढउताराला विशेष समजून धावपळ करणे जितके चुकीचे, तितकेच विशेष कारणाला नेहमीचे समजून दुर्लक्ष करणे चुकीचे. आपल्या देशाशीही शूहार्ट यांचा संबंध आहे. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले आणि येथील उद्योगांत गुणवत्ता नियंत्रणाच्या विचाराला त्यांच्या भेटीने चालना मिळाली.

शूहार्ट यांचाच विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग हे १९५० मध्ये जपानमध्ये व्याख्याने देण्यासाठी गेले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशातील अभियंत्यांनी व कारखानदारांनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने गुणवत्तेचे पारितोषिक सुरू केले. हे पारितोषिक १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीने प्रथम मिळविले, तर २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळाले. या विभागाचे कारखाने मुंबईत कांदिवलीला आणि नागपूरलाही असल्याने महाराष्ट्रातील कामगारांचाही या सन्मानात वाटा आहे.

डेमिंग आपल्या वर्गात एक प्रयोग करून दाखवीत. एका पेटीत पांढरे व लाल मणी मिसळलेले असत. दर पाच मण्यांमागे एक लाल. श्रोत्यांपैकी काहीजणांना कामगार करून त्यांच्या हाती पन्नास खळग्यांची एक फळी दिली जाई. फळी पेटीत बुडवायची आणि पन्नास मणी वर काढायचे. लाल मणी म्हणजे दोष. ज्याच्या फळीवर कमी लाल मणी येत, त्याची डेमिंग प्रशंसा करीत. ज्याच्या फळीवर अधिक येत, त्याची कानउघाडणी करीत. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत कालचा उत्तम कामगार सुमार ठरे आणि सुमार कामगार उत्तम. कामगारांच्या हाती प्रत्यक्षात काहीच नव्हते. लाल मणी पेटीतच होते आणि पेटी व्यवस्थापनाने भरलेली होती.

आम्हांस वाटते, हा प्रयोग प्रत्येक रुग्णालयाच्या प्रशासकाने पाहावा. रात्रपाळीत एकाच परिचारिकेकडे तीसपस्तीस रुग्ण असतील, दिसायला सारखी असलेली दोन औषधे कपाटात शेजारी शेजारी असतील आणि चिठ्ठीवरील अक्षर लागत नसेल, तर ती पेटी लाल मण्यांनी भरलेली आहे. अशा पेटीतून एखाद्या रात्री लाल मणी वर आला, म्हणून त्या परिचारिकेला मेमो देण्याने पेटी बदलत नाही. उलट पुढच्या वेळी लाल मणी लपविला जातो. कामाच्या ठिकाणाहून भीती हद्दपार करा, असे डेमिंग यांनी व्यवस्थापकांना दिलेल्या चौदा सूत्रांपैकी एक सूत्र आहे. लपविलेल्या चुकीइतके घातक रुग्णालयात दुसरे काही नसते.

धागा तुटला की माग थांबतो

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी येथील मंडळींना मागाविषयी वेगळे सांगावयास नको. जपानमधील साकिची टोयोडा यांनी १९२० च्या दशकात असा स्वयंचलित माग सिद्ध केला की, धागा तुटताच माग आपोआप थांबत असे. तोपर्यंत धागा तुटला तरी माग चालूच राही आणि वारंवार कापड सदोष विणले जाई. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधील एका कंपनीस विकण्यात आले आणि त्याच काळात टोयोडा कुटुंबाच्या मोटारउद्योगाची पूर्वतयारी सुरू झाली.

दोष दिसताच काम थांबवावे, हाच नियम पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात आला. तायची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रीत बसविली की, जुळणीच्या रांगेतील कोणत्याही कामगाराला काही वावगे दिसले तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि अडचण तेवढ्यात सुटली नाही तर रांग थांबते. रांग थांबली की नुकसान होते. तरीही दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही. नंतर ‘हे का झाले?’ हा प्रश्न एकामागून एक पाच वेळा विचारून मूळ कारण शोधले जाते.

याच पद्धतीचा माणसांवर काय परिणाम होतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना संप, गैरहजेरी व सदोष गाड्या यांमुळे गाजलेला होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच घेतले गेले. मात्र दोरी ओढण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला आणि कामात सुधारणा सुचविण्यास त्यांना प्रोत्साहन मिळाले. थोड्याच काळात तेथील गाड्या जपानी कारखान्यांच्या तोडीच्या निघू लागल्या आणि गैरहजेरी पुष्कळच घटली. माणसे तीच होती; पेटीतील मणी बदलले होते. हा कारखाना २०१० मध्ये बंद झाला, पण त्याने दिलेला धडा व्यवस्थापनशास्त्रात कायम राहिला.

वैद्यकक्षेत्रातील अनुभव

वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही याच विचाराच्या खुणा आढळतात. व्हिएन्ना येथील प्रसूती रुग्णालयात १८४६ मध्ये डॉक्टर व विद्यार्थी काम करीत असलेल्या विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी अकराहून अधिक दगावत होत्या, तर सुइणींच्या विभागात हेच प्रमाण तीनच्या आत होते. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी दोन्ही विभागांतील नोंदी ताडून पाहिल्या आणि शवविच्छेदन करून आलेल्या हातांतून संसर्ग होतो, असा निष्कर्ष काढला. मे १८४७ पासून क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती झाली आणि १८४८ मध्ये त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले. तरीही त्यांच्या समव्यावसायिकांपैकी अनेकांना हा आपल्यावरील आरोप वाटला. सेमेलवाइस यांच्या हयातीत त्यांचा विचार सर्वमान्य झाला नाही. पुरावा हाती असूनही केवळ मानापमानामुळे सुधारणा अडते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात, हे सत्य तेव्हाइतकेच आजही लागू आहे.

बॉस्टनचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी तर याहून पुढे पाऊल टाकले. प्रत्येक रुग्णाचे शेवटी काय झाले, याचा रुग्णालयाने पाठपुरावा करावा आणि तो जाहीर करावा, असा त्यांचा आग्रह होता. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले आणि त्यांच्या उपचारांतील १२३ चुका कॉडमन यांनी स्वतःहून छापून प्रसिद्ध केल्या. त्या काळी त्यांना विरोधच अधिक झाला. आज रुग्णालयांच्या मूल्यांकनाची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिचे एक मूळ कॉडमन यांच्या त्या प्रामाणिक अहवालांत आहे.

अलीकडची दोन उदाहरणे अधिक उत्साहवर्धक आहेत. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन अनेक रुग्ण दगावतात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळावयाच्या ठरविल्या. हात धुणे, त्वचा योग्य जंतुनाशकाने पुसणे, निर्जंतुक गाऊन घालून रुग्णाला पूर्ण झाकणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांत नवे असे काहीच नव्हते. नवे होते ते एवढेच की, यांपैकी एखादी गोष्ट वगळली जात आहे असे दिसल्यास परिचारिकेने डॉक्टरांना थांबवावे, असा अधिकार तिला देण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नळी वापरलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. टोयोटाच्या कामगाराच्या हातातील दोरी ती हीच.

दुसरे उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी सूचीचे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी एकूण एकोणीस बाबी मोठ्याने विचारून खातरजमा करावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे. दिल्लीसह आठ देशांतील आठ शहरांच्या रुग्णालयांत तिची चाचणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. यासाठी कोणतेही नवीन यंत्र लागले नाही. लागला तो एक कागद आणि तो मनापासून वाचण्याची दोन मिनिटे.

आपल्या भूमीतील दोन आदर्श

हे सर्व परदेशातच शक्य आहे, असा समज होऊ नये म्हणून आपल्याकडील दोन उदाहरणे सांगावीशी वाटतात. मदुराई येथे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. तरीही त्याच हातांनी त्यांनी हजारो मोतीबिंदूंच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या रुग्णालयात एका शल्यचिकित्सकासाठी दोन टेबले असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर पुढील रुग्ण तयार असतो. खेड्यापाड्यांतील मुलींना दोन वर्षे प्रशिक्षण देऊन रुग्णाची तयारी, तपासणी व शुश्रूषा ही कामे त्यांच्याकडे सोपविलेली आहेत. त्यामुळे डॉक्टरांचा वेळ केवळ त्यांनाच करता येईल अशा कामासाठी राहतो आणि तेथील एक शल्यचिकित्सक वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. डोळ्यात बसविण्याची आयात भिंगे गरिबांना परवडत नव्हती, म्हणून संस्थेने १९९२ मध्ये स्वतःचा भिंगनिर्मितीचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत पूर्वीच्या काही अंशावर आणली. तेथील निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया विनामूल्य वा अत्यल्प दरात होतात. कार्यक्षमता व करुणा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, याचा याहून मोठा पुरावा आम्हांस माहीत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या सेवेत प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसे काम करीत आली. झाकणावरील रंग, अंक व अक्षरे यांच्या खुणांवरून एक डबा अनेक हातांतून, लोकलच्या ठराविक गाडीने नेमक्या टेबलावर पोहोचतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांची संख्या व डब्यांची संख्या दोन्ही घटली, ही खेदाची बाब आहे. परंतु त्यांच्या पद्धतीतील मर्म आजही शिकण्यासारखे आहे. खूण साधी, प्रत्येकाला समजणारी; वेळ काटेकोर; आणि गटातील प्रत्येकजण पगारी नोकर नसून भागीदार. एक गैरहजर राहिला तर गटातील दुसरा त्याचे डबे उचलतो, कारण डबा चुकला तर नाव सर्वांचे जाते.

आमच्या रुग्णालयात याचा अर्थ काय?

आता आपल्या घराकडे वळू. रुग्णाच्या नातेवाइकांना सर्वाधिक त्रास कोणत्या गोष्टीचा होत असेल, तर तो डिस्चार्ज सांगितल्यानंतर होणाऱ्या प्रतीक्षेचा. कोणत्याही रुग्णालयात हे घडताना दिसते. डॉक्टरांची फेरी सकाळी होते. त्यानंतर सारांशपत्र लिहावयाचे, न वापरलेली औषधे परत करावयाची, प्रयोगशाळा व क्ष-किरण विभागाच्या नोंदी गोळा करावयाच्या, बिल करावयाचे, सवलतीचा अर्ज असल्यास समाजसेवा विभागाने कागदपत्रे पाहावयाची, आणि मग रोखपालाच्या खिडकीवर उभे राहावयाचे. यांतील प्रत्येक टप्पा कदाचित दहा-पंधरा मिनिटांचाच असतो. उरलेला सारा वेळ कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याची वाट पाहण्यात जातो. सर्व वॉर्डांतील कागद एकाच वेळी बिलखिडकीवर येतात, म्हणून तेथे गर्दी होते. तोवर खाट अडकून राहते आणि नव्याने आलेला रुग्ण खाली बाकावर ताटकळतो.

येथे लेखनिकाला ‘हात जरा जोरात चालवा’ असे सांगून काही साधत नाही. उद्या घरी जाण्याची शक्यता असलेल्या रुग्णांची यादी आदल्या संध्याकाळीच तयार करणे, सारांशपत्राचा मसुदा रात्रीच लिहून ठेवणे, सवलतीची कागदपत्रे दाखल होतानाच तपासणे, हे उपाय आहेत. कागदाचे चालणे कमी करावयाचे आहे, माणसाचे धावणे वाढवावयाचे नाही. बाहेरगावाहून येणाऱ्या नातेवाइकाची शेवटची एस.टी. चुकली, तर त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. धर्मादाय रुग्णालयात वेळेची बचत ही सुद्धा एक प्रकारची सवलतच आहे, अशी आमची धारणा आहे.

आपण जाणताच की, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवावयाच्या असतात आणि बिलांच्या रकमेतील दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. हा निधी मर्यादित असतो. चुकीमुळे पुन्हा करावी लागलेली तपासणी, मुदत संपून फेकलेले औषध, संसर्गामुळे वाढलेला एखाद्या रुग्णाचा मुक्काम, यांत जाणारा प्रत्येक रुपया हा दुसऱ्या एखाद्या निर्धन रुग्णाच्या उपचारांतून वजा होतो. गुणवत्ता हा श्रीमंत रुग्णालयांचा शोक आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा. ज्याच्याकडे थोडे आहे, त्यालाच सांडून चालत नाही.

एक धोक्याचा इशारा

त्याचबरोबर, कारखान्याच्या पद्धती डोळे मिटून स्वीकारण्यातही धोका आहे. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात झालेल्या हेळसांडीची सार्वजनिक चौकशी झाली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदोपत्री उद्दिष्टे व आर्थिक ताळेबंद यांच्या मागे लागून रुग्णांना वेळेवर पाणी मिळते की नाही, त्यांना स्वच्छ ठेवले जाते की नाही, याकडेच दुर्लक्ष झाले, असे त्यातून पुढे आले. मोजता येते तेच महत्त्वाचे मानले की असे घडते. मरणासन्न रुग्णाच्या उशाशी एखादी परिचारिका दहा मिनिटे हात धरून बसली, तर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या निरीक्षकाला ती रिकामी बसलेली दिसेल. आमच्या मते, बाकीच्या कामांतील निरर्थक चालणे व शोधाशोध आपण वाचवावयाची, ती नेमकी ही दहा मिनिटे तिला मिळावीत म्हणूनच.

म्हणून आम्ही काही मर्यादा स्वतःवर घालून घेतल्या आहेत. चुकीची वा थोडक्यात टळलेल्या चुकीची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या नोंदीमुळे कारवाई होणार नाही. कर्मचाऱ्यांची आपापसांत क्रमवारी लावून ती फलकावर लावली जाणार नाही. सफाई करणाऱ्या मावशींपासून वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत कोणालाही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार राहील. वॉर्डातील मंडळींनी दर पंधरवड्याला एकत्र बसून आपल्याच कामातील एक अडचण निवडावी आणि तिचे कारण शोधावे, ही रीत जपानमध्ये १९६२ पासून आणि आपल्या देशात १९८० पासून, हैदराबादच्या भेल कारखान्यापासून, गुणवत्ता मंडळ या नावाने चालत आली आहे. तीच आम्ही येथे चालवू इच्छितो.

देणगीदारांना व नातेवाइकांना विनंती

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डॉ. अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये गुणवत्तेची तीन अंगे सांगितली : रचना, प्रक्रिया व फलित. इमारत, यंत्रसामग्री, खाटा ही रचना झाली. प्रत्यक्ष काम कसे होते ही प्रक्रिया. आणि रुग्ण बरा झाला की नाही हे फलित. आपल्यासारख्या उदार देणगीदारांमुळे आमची रचना उभी राहिली, याची कृतज्ञ जाणीव आम्हांस सदैव आहे. परंतु देणगी बहुधा रचनेला मिळते, कारण तिच्यावर नावाची पाटी लावता येते. परिचारिकांचे प्रशिक्षण, हात धुण्याचे द्रावण, रात्रपाळीस आणखी दोन माणसे, औषधांच्या कपाटाची नवी मांडणी, नोंदींचे विश्लेषण करणारा एक जाणकार, यांवर पाटी लावता येत नाही. तरीही यंत्राइतकेच प्राण या गोष्टी वाचवितात. आपल्या देणगीचा काही भाग प्रक्रियेसाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि पुढील वेळी आपण येथे याल, तेव्हा नवीन कोणते यंत्र आले एवढेच न विचारता, संसर्गाचे प्रमाण काय आहे, रुग्णाला किती वेळ थांबावे लागते, पडणाऱ्या रुग्णांची नोंद होते काय, हेही आम्हांस अवश्य विचारावे. अशा प्रश्नांनी आम्हांस मुळीच संकोच वाटणार नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही दोन शब्द. औषध देण्यापूर्वी सिस्टर रुग्णाचे पूर्ण नाव पुन्हा विचारतात, तेव्हा ‘रोजच तर देता, नाव कशाला विचारता?’ असे म्हणू नका. तो विसराळूपणा नाही. तीच ती दोरी आहे. डॉक्टरांनी वा परिचारिकेने हात धुतलेले दिसले नाहीत, तर आपण निःसंकोच विचारा. घरी घेत असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या दाखल होतानाच दाखवा. आपल्या रुग्णाला आमच्यापेक्षा आपण अधिक ओळखता; त्याच्यात काही वेगळे वाटले तर वाट न पाहता सांगा. रुग्णालयातील सर्वांत सावध डोळे पुष्कळदा खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेले असतात.

गुणवत्ता हे एखाद्या वर्षी मिळवून भिंतीवर टांगण्याचे प्रमाणपत्र नव्हे. मूल्यांकनाचे पथक वर्षांनी एकदा येते. रुग्ण मात्र रोज रात्री दोन वाजताही येतो. त्या वेळी, कोणी पाहत नसताना, ड्रेसिंगपूर्वी हात धुतले जातात की नाही, यावर आमची खरी परीक्षा आहे. त्या परीक्षेत आमच्या सहकाऱ्यांना बळ देण्याचे काम विश्वस्तांनी, देणगीदारांनी आणि आपण सर्वांनी असेच चालू ठेवावे, एवढीच प्रार्थना.